चुनखडीची नोंद का नको ?

देशावरच्या काळ्या रानात नांगर खोल गेला म्हणजे वाटाण्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे जे पांढुरके, खडबडीत खडे वर येतात, त्यांस आपण चुनखड म्हणून ओळखतो आणि वेचून बांधावर टाकून देतो. ह्यापलीकडे त्यांचा विचार करण्याची चाल आपल्यात फारशी नाही. खत कोणते घ्यावे, बियाणे कोणते घ्यावे, ह्यांवर पारावर रात्र रात्र खल चालतो. परंतु ज्या पदार्थाच्या कमीअधिक प्रमाणावर त्या खताचे चीज होणे वा न होणे अवलंबून आहे, तो आपल्या शेतात किती आहे ह्याचा आकडा फार थोड्यांजवळ सापडेल. सरकारातून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेतही त्यास जागा नाही. ती जागा असावी, आणि ती मिळेपर्यंत आपल्या संघाने ही नोंद आपल्या हाताने ठेवावी, हे सांगण्यासाठी आम्ही आज लेखणी उचलली आहे.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. चुनखडीतील मुख्य द्रव्य कॅल्साइट नावाचे खनिज होय. रसायनशास्त्रात त्यास कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. म्हणजे चुना आणि कार्बन डायऑक्साइड, ज्यास जुनी पुस्तके कर्बाम्ल वायू म्हणत, ह्या दोहोंचा तो संयोग आहे. शुद्ध कॅल्साइट १०० किलो घेऊन भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजले असता ४४ किलो वायू उडून जातो व ५६ किलो कळीचा चुना मागे उरतो. ही कळी पाण्यात विरवून भिंतीस लाविली म्हणजे हवेतील तोच वायू हळूहळू पुन्हा शोषून घेते व पुन्हा दगड होऊन बसते. पाण्याच्या पावणेतीन पट, काटेकोर सांगावयाचे तर २.७१ पट, ह्या खनिजाचे वजन असते. त्यावर नखाने ओरखडा उठत नाही, चाकूने सहज उठतो. गारगोटीचे ह्याच्या उलट आहे. ती चाकूस दाद देत नाही व स्वतः काचेवर रेघ ओढते. विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत जे चकचकीत स्फटिक सापडतात, त्यांत गारगोटी कोणती व कॅल्साइट कोणते हे ओळखण्यास एवढी परीक्षा पुरे. कॅल्साइटचा स्फटिक हातोडीने फोडला तर त्याचे तुकडे नेहमी तिरप्या, गुळगुळीत बाजूंचेच पडतात. त्यातला अगदी निर्मळ तुकडा छापील कागदावर ठेविला असता खालचे प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. डेन्मार्कच्या बार्थोलिन नामक पंडिताने आइसलंड बेटातून आलेल्या अशा स्फटिकाचे वर्णन १६६९ साली प्रसिद्ध केले, आणि प्रकाशाच्या अभ्यासास त्यामुळे नवी दिशा मिळाली. मुलांस हा चमत्कार अवश्य दाखवावा. पिकास मात्र त्याचा काही उपयोग नाही.

पिकाशी संबंध असलेला ह्या खनिजाचा गुण निराळा आहे. तो असा की, आम्लाचा थेंब पडताच त्यातील वायू मोकळा होऊन ते फसफसते. कोऱ्या पाण्यात कॅल्साइट जवळजवळ विरघळत नाही. परंतु पाण्यात कर्बाम्ल वायू मुरलेला असला म्हणजे ते विरघळते, आणि पाणी सुकले वा वायू उडून गेला म्हणजे पुन्हा घट्ट होऊन जागच्या जागी बसते. आपल्या शेतातील चुनखडीचा सारा इतिहास ह्या एका वाक्यात आहे.

महाराष्ट्रात चुनखडकाचे खरे थर आहेत ते मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यातील वणीकडे व चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा–कोरपना भागात. तेथील सिमेंटचे कारखाने त्याच दगडावर चालतात. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राखाली काळा ज्वालारसाचा पाषाण पसरलेला आहे व त्यात चुनखडकाचा थर नाही. मग आपल्या रानात चुनखड आली कोठून ? ती त्याच काळ्या पाषाणातून आली. त्या दगडात शेकडा सुमारे दहा भाग चुना इतर द्रव्यांशी जखडलेल्या स्थितीत असतो. दगड कुजून माती होताना तो सुटा होतो. पावसाच्या पाण्यात व मुळांच्या श्वासोच्छ्वासात जो कर्बाम्ल वायू असतो त्याच्या योगाने विरघळून खाली उतरतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा तो चुना नदीवाटे समुद्रास मिळतो; म्हणून दगड तोच असूनही कोकणच्या तांबड्या जमिनीत चुनखड नाही, उलट तेथे चुना बाहेरून घालावा लागतो. देशावरच्या अवर्षणाच्या पट्ट्यात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर. पाणी हात-दोन हात खाली जाते आणि तेथेच सुकते. चुनाही तेथेच थबकतो. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे प्रथम मातीत पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते, मग खडे बनतात, आणि पुढे काही ठिकाणी फरशीसारखा कठीण थर तयार होतो. हेच खडे वेचून आपल्या वाडवडिलांनी चुनाभट्ट्या लाविल्या व बैलाच्या घाणीत मळलेल्या त्या चुन्यावर वाडे आणि घाट उभारले. तेव्हा चुनखड ही सर्वथा वाईट वस्तू, असे आमचे म्हणणे नाही.

आमची उमेद महसूल खात्याच्या दफ्तरात खर्ची पडली, म्हणून येथे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्या साहेबांनी १८३५ सालानंतर इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी व प्रतवारी सुरू केली, तिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात कायम झाले. त्या नियमांप्रमाणे जमिनीच्या नऊ प्रती होत्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. मातीचा रंग, पोत व खोली पाहून प्रत ठरे. पावणेदोन हात खोल काळीभोर जमीन ती पहिली. परंतु एवढ्यावर काम संपत नसे. जमिनीचे सात दोष नेमून दिले होते व प्रत्येकासाठी नकाशावर एकेक खूण होती. वाळू मिसळलेली असणे, उतार असणे, पाणी न झिरपणे, पुराचे पाणी वरून वाहून जाणे, उपळ असणे इत्यादी. ह्या सातांत चुनखडीचे बारीक खडे मातीत मिसळलेले असणे हाही एक दोष होता, आणि दोष आढळला की जमीन एक प्रत खाली उतरे व आकार तितका कमी होई. म्हणजे ज्या सरकारचे लक्ष मुख्यतः वसुलावर होते, त्याच्या कारकुनासही प्रत्येक शेतात खणून चुनखड आहे की नाही हे पाहावे लागे व कागदावर मांडावे लागे.

आता २०१५ साली सुरू झालेली जमीन आरोग्य पत्रिका पाहा. योजना चांगली आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. तीत बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. ह्या बारांत मुक्त चुन्याचा रकाना नाही. शिवाय नमुना घ्यावयाचा तो वरच्या १५ ते २० सेंटिमीटर मातीचा, म्हणजे वीतभर खोलीचा; आणि योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत बागाइतीत अडीच हेक्टरांस व जिराइतीत दहा हेक्टरांस मिळून एक नमुना, असा हिशेब होता. चुनखडीचे वागणे ज्यास ठाऊक आहे त्याच्या ध्यानात येईल की, ती वीतभर मातीत नसून हातभर खाली असू शकते, आणि एकाच गटात वरच्या बांधाकडे नाही व ओढ्याकडे भरपूर, असेही असते. जुन्या प्रतदाराने एका शेताचे तुकडे पाडून जी बाब तुकड्यागणिक पाहिली, ती आज यंत्रे असूनही पाहिली जात नाही. ही आम्हांस पुढे जाण्याची रीत वाटत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, जुन्या प्रतवारीतही एक उणीव होती. कारकून डोळ्यांनी दिसेल तेवढा खडा पाही. परंतु पिकास जाचक होते ती मुख्यतः न दिसणारी चुनखड. लिंबाएवढा खडा मुळास फारसा भिडत नाही. तोच बारीक पिठासारखा होऊन मातीच्या कणाकणास लागलेला असला, म्हणजे मुळाच्या टोकाशी जे थोडे आम्ल तयार होते ते तेथल्या तेथे मारतो. म्हणून बांधावर खड्यांची रास पाहून जमीन वाईट म्हणू नये, आणि एकही खडा नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. परीक्षा आम्लाचीच केली पाहिजे.

बारीक चुनखड काय करते ? तिच्यामुळे मातीचा सामू आठाच्या वर, साधारण सव्वाआठाच्या आसपास धरून ठेवला जातो. त्या सामूस लोह मातीत भरपूर असूनही पाण्यात उतरत नाही. तांबड्या गंजाच्या रूपाने बसून राहते. मग उसात, भुईमुगात, सोयाबीनात, द्राक्षात आणि विशेषतः संत्रा-मोसंबीत केवडा पडतो. कोवळी पाने पिवळी, प्रसंगी पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्राच्या कमतरतेत आधी जुनी पाने पिवळी पडतात, येथे आधी नवी; हा भेद न ओळखून कित्येक जण युरियाची गोणी ओतून मोकळे होतात. आणि चुनखड जमिनीवर युरिया वरच्यावर फेकला तर त्यातील बराच नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत जातो. स्फुरदाची गत तीच. तो चुन्याशी बांधला जाऊन बसतो. कपाशी, हरभरा ही पिके हे बरेच सोसतात, म्हणूनच आपल्या वडिलांस ह्याची झळ लागली नाही. आपण जिराइतीतून फळबागेकडे वळलो आणि मातीतील जुना पाहुणा एकाएकी वैरी ठरला.

येथे प्रश्न पैशाचा आहे. ज्वारीचे एक साल बुडाले तर दुसऱ्या साली पीक बदलता येते. मोसंबीची बाग फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. आमच्या माहितीतील एका बागाइतदाराची बाग तिसऱ्या वर्षापर्यंत दृष्ट लागण्यासारखी होती. मुळे दीड हात खाली उतरली आणि शेंडे पिवळे पडू लागले. त्याने हिराकस घातले, निरनिराळ्या बाटल्या आणल्या, शेजाऱ्यास विचारून पाणी तोडले, पुन्हा वाढविले. अखेर झाडाशेजारी चर घेतला तेव्हा खाली पांढरा थर निघाला. तोपर्यंत कर्ज सहा अंकी झाले होते. हाच चर लागवडीपूर्वी घेतला असता तर एका मजुराची अर्धी रोजी लागली असती. संत्रावर्गीय झाडांसाठी मुक्त चुना शेकडा दहाच्या आत असावा, असा सल्ला तज्ज्ञ देत आले आहेत. हा आकडा माहीत असून उपयोग काय, जर आपल्या शेताचा आकडाच माहीत नाही ?

आता ज्यांच्या जमिनीत चुनखड आहे, त्यांच्या दाराशी हल्ली एक नवाच व्यापार येऊन ठेपला आहे. ‘चुनखड विरघळविणारे’, ‘चुना निष्क्रिय करणारे’ अशा नावांची द्रावणे व गंधकाच्या पिशव्या विकल्या जातात. आम्ही कारकून माणूस. आम्हांस हिशेब करण्याची खोड आहे. वाचकांनीही तो ताडून पाहावा. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटाची माती सुमारे ९ लाख किलो भरते. तीत चुना शेकडा १० असला तर तो ९० हजार किलो झाला. शुद्ध गंधक ३२ किलो पूर्णपणे आम्लात रूपांतरित झाला तर १०० किलो कॅल्साइट नाहीसे करतो. म्हणजे सगळा चुना घालविण्यास एकरी जवळजवळ २९ हजार किलो गंधक हवा. शेकडा एका भागाने उतरविण्यासही २९०० किलो लागेल. दुकानदार जी दहा किलोची पिशवी देतो तिने ३१ किलो चुना जाईल, आणि मागे ८९ हजार ९६९ किलो राहील. द्रावणाच्या लिटरभर बाटलीचा हिशेब आम्ही मांडीत नाही. तो मांडण्याच्या योग्यतेचा नाही.

ह्याचा अर्थ गंधक व्यर्थ आहे असा नव्हे. पिकाचे अन्न म्हणून तो हवाच, आणि मुळांच्या पट्ट्यात थोड्या जागेपुरता आंबटपणा आणण्यास त्याचा उपयोग होतो. जेथे चुनखडीबरोबर सोडियमही चढून जमीन चोपण झाली आहे, तेथे तर गंधक मातीतील चुन्याचेच जिप्सम बनवितो व काम साधतो. विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यात नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखविले आहे की, चुना असा खडा होऊन बसू लागला म्हणजे मातीच्या कणांवरची त्याची जागा सोडियम घेतो, व खालच्या थरातून पाण्याचा निचरा मंदावतो. म्हणजे चुनखडीची वाढ ही पुढच्या दुखण्याची आगाऊ सूचनाही असू शकते. तिची नोंद ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

लोहाच्या बाबतीतही अशीच फसगत होते. हिराकस तसेच मातीत टाकले तर चुनखड जमिनीत ते लवकरच गंजून निकामी होते. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात काही दिवस मुरवून द्यावे, किंवा १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम ह्या प्रमाणात किंचित लिंबूसत्त्व घालून उन्हे उतरल्यावर पानांवर फवारावे. चिलेटेड लोह घ्यावयाचे तर पिशवीवरील बारीक अक्षरे वाचावीत. ‘ईडीटीए’ जातीचे लोह अशा सामूच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीसाठी ठीक. मातीतून द्यावयाचे असल्यास ‘ईडीडीएचए’ जातीचेच टिकते, व ते महाग असते. पहिले स्वस्त म्हणून मातीत ओतणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांस अडविणारा कोणी नाही. शेणखत, ताग, धैंचा ह्यांचा उपयोग मात्र निःसंशय आहे. ती कुजताना जो कर्बाम्ल वायू व जी आम्ले निघतात त्यांच्या योगाने मुळापाशी थोडे लोह व स्फुरद मोकळे होते. पण ते एका हंगामाचे काम नव्हे.

ठिबकच्या तोट्या बंद पडतात त्याचाही येथेच उलगडा होतो. चुनखड रानातील विहिरीचे पाणी जड असते. नळीत ते उन्हाने तापले की वायू उडतो आणि तेच कॅल्साइट तोटीच्या तोंडाशी पांढरे होऊन बसते. किटलीच्या तळाशी जमणारे किटण हेच. तेव्हा ज्याच्या घरच्या भांड्यांस पांढरा थर धरतो, त्याने शेताचा नमुना पाहण्यास वार लावू नये.

आमची संघास सूचना अशी आहे. जमीन आरोग्य पत्रिकेत मुक्त चुन्याचा तेरावा रकाना घालावा, आणि फळबागेसाठी मागणी असेल तेथे एक, दोन व तीन फूट खोलीचे नमुने स्वतंत्र तपासावेत, असा ठराव येत्या वार्षिक सभेत करून कृषी खात्याकडे पाठवावा. कित्येक प्रयोगशाळांतून ही तपासणी मागितल्यास करून मिळते. म्हणजे ती अशक्य नाही, फक्त मागावी लागते, आणि ज्यास ठाऊक नाही तो मागत नाही. सरकारी अनुदानाने बाग लावावयाची असेल तेथे तर हा आकडा अर्जाबरोबर सक्तीने घ्यावा, असेही आमचे मत आहे. कोणी म्हणतील की ह्याने गरिबास आणखी एक कागद लागला. आम्ही आयुष्यभर कागदच गोळा केले, तेव्हा त्यांचा जाच आम्हांस ठाऊक आहे. परंतु हा कागद कर्ज होण्यापूर्वी लागतो, आणि पुढचे सारे कागद कर्ज झाल्यानंतरचे.

तोपर्यंत संघाने प्रत्येक गावच्या सभासदाकडे सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची, शेकडा दहाची, एक बाटली थेंबनळीसह ठेवावी. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. बाटली मुलांच्या हातापासून दूर राहावी. मातीचे ढेकूळ फोडून त्यावर दोन थेंब टाकावेत. काहीच आवाज नाही तर चुना नाही. कानाशी धरल्यास चुरचुर ऐकू येते पण डोळ्यांस दिसत नाही, तर शेकडा दोनच्या आत. बुडबुडे दिसले तर दोन ते दहा. जोराने फसफसून बारीक फेस धरला तर दहाच्या वर. आणि दाट फेसाचा थर उभा राहिला तर पंचवीसच्याही वर. ही अदमासाची परीक्षा आहे, प्रयोगशाळेच्या तोडीची नव्हे. पण बाग लावावी की न लावावी, निदान नमुना पाठवावा की न पाठवावा, एवढे ठरविण्यास ती पुरते. खड्यावर थेंब टाकू नये, मातीवर टाकावा, खडा फसफसणारच. दर एकरी निदान तीन ठिकाणी, त्यांपैकी एक ओढ्याच्या किंवा सखल बाजूस, तीन फूट खोल खड्डा घेऊन फूट-फूट अंतरावर परीक्षा करावी, आणि गट नंबर, खड्ड्याची जागा, खोली, फेसाचे मान व तारीख अशी पाच घरे आखलेल्या वहीत त्याच दिवशी लिहावी.